एकांड्याची आई

आपण मेलो आहोत ही बातमी सिस्टरबाईंना चहाचा ट्रे हातात असताना कळली. शनिवारची दुपार होती. बाहेरच्या खोलीत त्यांचा मुलगा आणि त्याची मित्रमंडळी टेबलाभोवती बसून फासे टाकत होती. सिस्टरबाई दाराशी पोचल्या आणि मुलाचा आवाज कानावर पडला, "माझी आई तर मी लहान असतानाच गेली. दरोडेखोरांनी मारलं तिला. तेव्हापासून या जगात माझं कुणी नाही." हे तो इतक्या समाधानाने सांगत होता की ट्रेमधले कप खडखडले.

दुसरी एखादी बाई असती तर तिने ट्रे खाली टाकला असता. सिस्टरबाईंनी तो टेबलावर ठेवला, सगळ्यांना चहा दिला, मुलाच्या कपात साखर घालून ती ढवळलीसुद्धा आणि मग कमरेवर हात ठेवून विचारलं, "किती दरोडेखोर होते?"

"आई, खेळ आहे तो."

"ते कळलं मला. किती होते ते सांग. एकट्यादुकट्याने मला मारलं असेल तर मी ऐकून घेणार नाही."

आणि त्यात अतिशयोक्ती नव्हती. सिस्टरबाईंची सगळी नोकरी इस्पितळाच्या बायकांच्या वॉर्डात गेली होती. भलेभले डॉक्टर त्या वॉर्डात शिरताना बुटांचा आवाज होऊ देत नसत. नवरा मुलाच्या शाळेच्या वयातच वारला होता, तेव्हापासून घरही त्यांनी वॉर्डासारखंच चालवलं. आता निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण वॉर्ड काही सुटला नव्हता. फक्त खाट एकच उरली होती आणि पेशंटही एकच. तो म्हणजे त्यांचा मुलगा, चाळिशीला टेकलेला, चांगला धडधाकट, लिफ्टच्या कंपनीत तपासनीस.

मुलाला आपण कधी कशाला अडवलं नाही, असं त्या छातीठोकपणे सांगत. ते अक्षरशः खरंही होतं. तो पोहायला जातो म्हणाला तेव्हा त्या "जा की" म्हणाल्या आणि आत जाऊन आडव्या झाल्या. मित्रांबरोबर डोंगर चढायला निघाला तेव्हाही त्या "जा की" म्हणाल्या, फक्त त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं. एका मुलीशी लग्न करायचं म्हणाला तेव्हा तर त्यांनी स्वतः तिला जेवायला बोलावलं आणि वाढता वाढता एवढंच विचारलं, की याला रात्री खोकल्याची उबळ आली तर तू काय काय करशील. ती मुलगी पुन्हा आली नाही. आता यात सिस्टरबाईंचा काय दोष? मुलगा दर वेळी निमूटपणे बूट काढून ठेवायचा आणि जेवायला बसायचा.

खेळ म्हणाल तर अगदी साधा. चष्म्याचं दुकान चालवणारा एक मित्र होता, त्याला सगळे चष्मेवालाच म्हणत. तो गोष्ट सांगायचा. समोर पूल आहे, पुलापलीकडे राक्षस झोपलाय, वगैरे. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र काय करतं ते सांगायचं. ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवायचा. मुलाचं पात्र म्हणजे एकांडा. काळा झगा, पाठीला तलवार, तोंडातून शब्द काढेल तर शपथ, कुणावर विश्वास नाही, आईबापांच्या खुन्यांचा सूड घ्यायला निघालेला. खेळ बदलला, गोष्ट बदलली, तरी इतकी वर्षं पुन्हा तोच झगा, तीच तलवार आणि पुन्हा आई मेलेली. झाडाखाली एकटा बसून एकांडा कोरडी भाकरी चावत असे आणि तेवढ्यात मान न वळवता हाक मारत असे, "आई, पाणी!"

सिस्टरबाईंनी त्या दिवशी सगळ्यांचीच हजेरी घेतली. शाळेत गणित शिकवणारा मास्तर नेहमी जादूगार व्हायचा. जादूगाराने बोट उचललं की समोरची फौज जागच्या जागी थिजायची. वर्गात त्याने दोन्ही हात उचलले तरी मागचा बाक गप्प बसत नसे. बँकेतली कॅशियर नेहमी कुऱ्हाडवाली व्हायची. आठवडाभर काचेआड बसून "पुढच्या खिडकीत जा" म्हणणारी ही बाई इथे एकही दार हाताने उघडत नसे, मग त्याला कडी असो वा नसो. आणि ही दोघंही अनाथ. जादूगाराचे आईवडील बुरुजासकट जळाले होते, कुऱ्हाडवालीचे बर्फाखाली गाडले गेले होते.

"म्हणजे आधी आईबापांचा निकाल लावायचा आणि मग माझ्या हातचा चहा प्यायचा. छान चाललंय तुमचं," सिस्टरबाई म्हणाल्या. कॅशियरने उचललेलं बिस्कीट हळूच बशीत परत ठेवलं.

"तसं नाही गं," मुलगा समजावायला लागला. "ज्याची आई जिवंत आहे तो ड्रॅगनशी लढायला जाईलच कसा? ती जाऊच देणार नाही त्याला. मग गोष्टच सुरू होत नाही."

सगळे हसले. सिस्टरबाईही हसल्या आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेल्या. ते वाक्य मात्र त्यांच्या मागोमाग स्वयंपाकघरात आलं आणि तिथेच मुक्कामाला राहिलं. भांडी विसळताना, उशांना अभ्रे घालताना, बाजारात कांदे निवडताना एकच प्रश्न त्यांना बोचत होता. आपण पोराच्या वाटेत आहोत का? त्याचं काही सुरू व्हायला आपण मरायलाच हवं का? सरळ विचारायची सोय नव्हती. "छे गं, काहीतरीच काय," हे उत्तर ठरलेलं होतं, आणि त्या उत्तराने त्यांचं समाधान होणार नव्हतं.

पुढच्या शनिवारी त्या ट्रे ठेवून आत गेल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "मलाही घ्या खेळायला."

मुलाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. चष्मेवाला मात्र खूश झाला. "काकू, तुम्ही वैद्य व्हा. जखमा बांधायच्या, काढे पाजायचे. आमच्यात वैद्यच नाही. कुणी तयारच होत नाही."

"होईल कसं? मारामारी तुम्ही करणार आणि निस्तरायचं एकीने. ते मी जन्मभर केलंय. मला चोर व्हायचंय."

"चोर?" मुलगा ओरडलाच.

"चोर. आणि माझ्या चोराचे आईवडील जिवंत आहेत. दोघंही ठणठणीत. मुलगी काय धंदा करते ते त्यांना माहीत आहे."

असा चोर त्या टेबलाने पाहिला नव्हता. झोपलेल्या माणसांमधून चाहूल न लागू देता हिंडणं हा तर सिस्टरबाईंच्या हातचा मळ. पहारेकऱ्याच्या कमरेची किल्ली त्यांनी काढली ती आधी त्याच्या अंगावर पांघरूण सारखं करून. किल्ल्यातला खजिना तळघरात नसून राजाच्या आजारी आत्याच्या उशीखाली असणार, हे त्यांनी फासा न टाकताच सांगितलं, कारण म्हाताऱ्या बायका काय कुठे लपवतात हे चष्मेवाल्यापेक्षा त्यांना जास्त कळत होतं. चष्मेवाल्याने मुकाट्याने खजिना तळघरातून उचलून उशीखाली आणला. मधेच एकदा त्यांनी जादूगाराची काठी लांबवली आणि ती परत देताना मास्तरला आधी हात धुवायला लावले. सिस्टरबाई आता मंगळवारपासूनच शनिवारची वाट पाहायला लागल्या होत्या, पण हे कबूल करायची त्यांची तयारी नव्हती. आपण इथे पोरावर लक्ष ठेवायला बसतो, असं त्या स्वतःला बजावत होत्या.

आणि एका शनिवारी सगळी टोळी त्या दरोडेखोरांच्या गुहेपाशी येऊन ठेपली. मुलगा तयारीनिशी आला होता. सूड घेण्याआधी एकांडा जे भाषण करणार होता ते त्याने आंघोळ करताना म्हणून पाहिलेलं सिस्टरबाईंनी ऐकलं होतं. तो उठून उभा राहिला आणि खोल आवाजात म्हणाला, "तुम्ही सगळे बाहेर थांबा. हा सूड माझा आहे."

"आणि मेलेली मी आहे," सिस्टरबाई म्हणाल्या. "आधी मी जाते."

त्यांनी फासा टाकला. तो मुलाच्या दुर्दैवाने झकास पडला. चोर गुहेत शिरला, घोरणाऱ्या दरोडेखोरांना ओलांडून थेट सरदारापाशी पोचला आणि त्याच्या गळ्याला सुरी लावून त्याला उठवलं. "एकांड्याच्या आईला का मारलंस?" सिस्टरबाईंनी विचारलं. आवाज खेळातला राहिला नव्हता, हे त्यांचं त्यांनाही जाणवलं. "काय वाकडं केलं होतं तिने तुमचं?"

सरदाराचं बोलणं अर्थातच चष्मेवाल्याने बोलायचं होतं. त्याने स्वतःचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला, एकदा मुलाकडे पाहिलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "बाई, आम्ही कुणालाही मारलं नाही. त्या गावात आम्ही पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. त्या पोराला घरातून निघायचं होतं आणि सांगायची हिंमत होत नव्हती. त्याने आमचं नाव पुढे केलं."

"हे नियमात बसत नाही!" मुलगा म्हणाला.

"बसतं," मास्तर टेबलाकडे बघत म्हणाला.

"तू गप्प बस. आणि तूही, चष्मेवाल्या."

"किती दिवस गप्प बसू?" चष्मेवाला आता सरदाराच्या आवाजात बोलत नव्हता. "जाऊ का म्हणून मला विचारलंस, या कुऱ्हाडवालीला विचारलंस, मास्तरला विचारलंस. जिला विचारायचं तिला सोडून सगळ्या गावाला विचारून झालं. आम्हाला इथे चहा प्यायची लाज वाटते रे."

त्यानंतर कुणाला खेळायचं सुचलं नाही. मंडळी चपला शोधून निघून गेली. कॅशियर जाता जाता सिस्टरबाईंचा हात दाबून गेली.

"कुठे जायचंय?" सिस्टरबाईंनी विचारलं.

तेव्हा सगळं बाहेर पडलं. कंपनी दुसऱ्या शहरात, चांगल्या दिवसभराच्या गाडीच्या अंतरावर, नवी कचेरी उघडत होती आणि तिथला प्रमुख म्हणून त्याला पाठवणार होती. सोमवारी उत्तर द्यायचं होतं. "मी नाहीच म्हणणार आहे," मुलगा घाईने म्हणाला. "साहेबांना सांगितलंय मी तसं. आई आहे म्हटलं, मला कुठे जाता येत नाही."

दरोडेखोरांनी मारलेलं सिस्टरबाईंनी एक वेळ सोसलं असतं. हे त्यांना फार लागलं. आयुष्यभर ज्याच्यासाठी उशापायथ्याशी उभं राहिलो, त्याच्या साहेबाच्या टेबलावर आपण एक सबब म्हणून पडून आहोत. आत जाऊन आडवं व्हावं, असं त्यांच्या अंगाच्या प्रत्येक हाडाला वाटत होतं. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि त्या म्हणाल्या, "जा की."

मुलगा वाट पाहत राहिला. त्या आडव्या झाल्या नाहीत. कपाळालाही हात लावला नाही.

"जा म्हणजे खरंच जा?" त्याने विचारलं.

"खरंच जा."

आता खरं तर एकांड्याने झगा झटकून उठायला हवं होतं. तो होता तिथेच बसला आणि त्याचा चेहरा उतरत गेला. "पण तिथे जेवणाचं काय?" तो म्हणाला. "कपड्यांचं काय? आणि मला ताप आला तर?" मग एकाएकी त्याला तोड सापडली. "तूच चल ना माझ्याबरोबर! कंपनी घर देतेय. दोन खोल्या आहेत. इथलं बंद करून टाकू. त्यात काय!"

सिस्टरबाईंना काय वाटलं ते सांगून टाकलेलं बरं. त्यांना आनंदाने रडू फुटायच्या बेतात होतं. इतके दिवस बोचणाऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं आणि ते असं गोड होतं. पोराला आपण हव्या होतो. मनाने त्यांनी पातेली बांधायलाही घेतली, नव्या घरातली त्याची खाट खिडकीपाशी लावली, वाऱ्याने त्याला सर्दी होईल म्हणून पुन्हा भिंतीकडे सरकवली. ती खाट सरकवता सरकवताच त्या थबकल्या. हा तर तोच वॉर्ड होता. फक्त शहर दुसरं होतं.

"मी नाही येणार," त्या म्हणाल्या.

"का?"

"माझा शनिवारी खेळ असतो."

"आई!" मुलगा ताडकन उठला. याच खेळासाठी त्याने एकदा मामेबहिणीचं लग्न बुडवलं होतं. "नुसता खेळ आहे तो! खेळासाठी तू मला एकट्याला पाठवणार?"

"हो."

खरं कारण त्यांनी सांगितलं नाही. आपला जीव त्याच्याबरोबर जायला इतका तडफडतोय, म्हणूनच आपण जाता कामा नये, हे त्याला कसं सांगणार? सांगितलं असतं तर तो गेलाच नसता, आणि त्याला थांबवायला त्यांना फार काही करावं लागलं नसतं. नुसतं एकदा डोळ्याला पदर लावला असता तरी भागलं असतं.

"आत जा," त्या म्हणाल्या, "भात लाव."

"मी?"

"मग कोण?"

तो स्वयंपाकघरात गेला. डबे उघडल्याचे, झाकणं पडल्याचे आवाज येत राहिले. थोड्या वेळाने त्याने आतून ओरडून विचारलं, पाणी किती घालायचं. सिस्टरबाईंनी बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं. मग भात करपल्याचा वास आला. त्या अर्ध्या उठल्या होत्या, पण पुन्हा खाली बसल्या आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.