नाव विसरणारी वेबसाइट

संध्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुलचेऱ्याच्या वाचनालयात होते. तिनेच बनवलेली वेबसाइट उघडून एका बाईला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची माहिती वाचून दाखवत होते. घुग्घुसहून तिचा भाऊ बोलत होता. "बाई, ताई गेली... तापाचं निमित्त झालं." मी फोन ठेवला आणि राहिलेलं पान शेवटपर्यंत वाचलं. काम अर्धवट टाकलेलं संध्याला कधी खपलं नव्हतं.

खाणकामगाराची ही मुलगी नागपूरला सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि वडील अंथरुणाला खिळल्यावर घुग्घुसला घरून काम करू लागली. मी निवृत्त आरोग्यसेविका. गावोगाव तपासणी करणाऱ्या आमच्या गटाला सिकलसेलची वेबसाइट हवी होती, ती तिने आनंदाने अंगावर घेतली. मराठी, बंगाली, गोंडी, ज्याला जी हवी ती भाषा. एकदा निवडली की पुढच्या वेळी साइट त्याच भाषेत उघडायची. हे कसं होतं, मी विचारलं. "कुकी म्हणतात त्याले, बाई. ब्राउझरमधी ठेवलेली चिठ्ठीच समजा. मुदत लिहिली तर तेवढे दिवस टिकते, नाई लिहिली तर ब्राउझर बंद झाला का गेली." या चिठ्ठ्यांवर तिचा फार जीव. मग तिने तपासणीचा निकाल पाहणाऱ्यांसाठीही तशीच चिठ्ठी ठेवली, वर्षभर टिकणारी. पान उघडताच नाव घेऊन नमस्कार आणि खाली निकाल. आम्हाला सगळ्यांनाच ते आवडलं.

वाचनालयातला संगणक मात्र साऱ्या गावाचा. गावातल्या प्रणाली नावाच्या मुलीने तिथे आपला निकाल पाहिला. ती आजारी नव्हती, फक्त वाहक होती. तिच्यानंतर बसला तो तिच्या होणाऱ्या सासरचा माणूस. त्याने साइट उघडली आणि समोर आलं, 'नमस्कार प्रणाली.' संध्याकाळपर्यंत गोष्ट दोन गावांत पसरली आणि ठरलेली सोयरीक मोडली.

मी फोन केला तेव्हा संध्याने आधी सगळं नीट विचारून घेतलं. मग म्हणाली, "चूक माहीच हाय. मी आपल्या लॅपटॉपवर तपासलं. तिथी माह्याशिवाय कोण बसते? वाचनालयात गाव बसते, हे मले सुचलंच नाई." भाषेची चिठ्ठी तिने ठेवली, नावाची काढून टाकली. जुन्या चिठ्ठ्या नुसत्या सांगून मिटत नाहीत. त्याच नावाची, मुदत संपून गेलेली चिठ्ठी पुन्हा लिहावी लागते, मग ब्राउझर ती फेकून देतो. हे सारं घरी बसून झालं असतं. तरी दुसऱ्या दिवशी ती बस बदलत मुलचेऱ्याला आली आणि आधी मला घेऊन प्रणालीच्या घरी गेली.

प्रणालीची आई तोंड फिरवून बसली. संध्याने सबबी सांगितल्या नाहीत. "काकू, माह्या हातून झालं," एवढंच म्हणाली. तेव्हा प्रणालीने पहिल्यांदा तोंड उघडलं. "माहं नाव अजून हाय का त्यात?"

"चाल, तुह्या डोळ्यानं पाहू."

आम्ही तिघी वाचनालयात गेलो. संध्याने माऊस प्रणालीच्या हातात दिला. तिने साइट उघडली, नाव नव्हतं. "आनखी एकदा," ती म्हणाली. पुन्हा बंद, पुन्हा उघड. "आनखी..." किती वेळा ते चाललं, कोण जाणे. संध्या प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे मागे उभी होती. कंपनीतली मोठमोठी कामं तिने केली असतील, मला मात्र तिचं मोठेपण त्या खुर्चीमागे दिसलं. शेवटी प्रणाली हुंदका देऊन रडली आणि संध्याने तिला जवळ घेतलं.

मोडलेली सोयरीक काही जुळली नाही. पण प्रणाली संध्याकडून फोनवर शिकत राहिली. आता वाचनालयाचा तो संगणक तीच सांभाळते. परवा मी गेले तेव्हा एक तरुण निकाल पाहून उठत होता. प्रणालीने त्याला थांबवलं, ब्राउझर बंद केला, पुन्हा उघडला आणि पडदा त्याच्याकडे वळवला. "पाह्य बरं, तुहं नाव कुठी दिसते का?"

त्याने नीट पाहिलं. "नाई."

"मंग जा आता," ती म्हणाली आणि दाराशी थांबलेल्या बाईला आत बोलावलं.