मानाचा पहिला नंबर

माझ्यावर कुणी जबरदस्ती केली असती तर बरं झालं असतं. चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या. इथं डाफरायला कुणी सापडतच नाही, आणि आरशासमोर उभं राहून माणूस स्वतःवर किती वेळ डाफरणार?

जळगाव जामोदच्या बाजूला एका वीज उपकेंद्रात मी अकरा वर्षं ऑपरेटर होते, कंत्राटी. दर तासाला पॅनेलवरचे आकडे वहीत लिहायचे, बंद पडलेली लाईन चालू करायची आणि ड्यूटी संपेपर्यंत लोकांचे फोन घ्यायचे. ‘मॅडम, लाईट काऊन गेली?’ जसं काही मीच ती पिशवीत घालून घरी नेली. बिघाड कुठल्या शिवारात असेल हे मला नुसत्या आकड्यांवरून कळायचं. पण निर्णय साहेबाचा, म्हणजे असिस्टंट इंजिनियरचा. साहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मी फोन केला की तोच विचारायचा, ‘ताई, काय करायचं?’ मी सांगायचे, आणि वहीत सही त्याची. त्या सहीकडे बघून माझी नुसती आग व्हायची.

साहेबाच्या खुर्चीवर बसायचं तर इलेक्ट्रिकलची डिग्री लागते. लग्नाआधीचा डिप्लोमा माझ्याकडे होता, आणि डिप्लोमावाल्यांना थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. म्हणून पस्तिसाव्या वर्षी, लेक सहावीत असताना, मी अर्ज भरायचं ठरवलं. कॉलेज दिवसाचं, म्हणजे नोकरी सोडावी लागणार होती. तेही मी मनाशी पक्कं केलं होतं.

घरात कुणी नाही म्हटलं नाही. नवऱ्याचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे, दिवसभर तांब्याच्या तारेत बुडालेला माणूस. तो म्हणाला, ‘शिक.’ मग विचारायचे राहिले ते माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. सासरे लवकर गेले, तेव्हापासून घर त्यांनीच ओढलं. त्यांनी सुपारी कातरता कातरता थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘शिकाले काई हरकत नाई. पन जवळचं पाह्य. कॉम्प्युटर घे. सकाऊन गेली, सांजच्याले घरी.’

जवळचं म्हणजे एसटीनं तासाभरावरचं एक खाजगी कॉलेज. तिथं इलेक्ट्रिकल नाहीच. माझ्या मनात होतं अमरावतीचं सरकारी कॉलेज. मावशीकडे राहायचं, शनिवारी घरी यायचं, असं तीन वर्षं. मी नुसती मान हलवली.

आता आमच्या घरची रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्याकडे कशाचंही पहिलं ते भासऱ्यांचं. नवीन गाडी आली की पहिला फेरा त्यांचा. नवी शेगडी आली तर पेटवायला त्यांना बोलवायचं. आमच्या लेकीचं नावही आधी त्यांनी सुचवलं, कागदावर ते लिहिलं, आणि पुढं आम्ही आम्हाला हवं ते ठेवलं. त्यांनी कधी त्यावर हूं की चूं केलं नाही. मानाचं त्यांना दिलं की उरलेलं आपलं, असा आमचा न बोललेला करार होता आणि लग्नापासून तो सुरळीत चालला होता. मला त्यात काही जाचही वाटत नव्हता, खोटं कशाला बोलू.

मी तोच करार प्रवेशाच्या अर्जाला लावला.

पीकविम्यापासून रेशनकार्डापर्यंत सगळे अर्ज भरून देणारा एक नेटवाला आहे, त्याच्याकडे आम्ही दोघं नवराबायको गेलो. या प्रवेशाच्या अर्जात कॉलेजं आपल्या आवडीच्या क्रमानं टाकायची असतात. मी सांगितलं, ‘एक नंबरला जवळचं कॉलेज, कॉम्प्युटर. दोन नंबरला अमरावती, इलेक्ट्रिकल.’

नेटवाला थांबला. ‘ताई, पह्यला नंबर ईचार करून टाका हो.’

‘टाका,’ मी म्हटलं, ‘तो मानाचा हाये.’

नवरा बाजूलाच होता. तो म्हणाला, ‘दादाले बरं वाटीन.’ आणि आम्ही दोघंही हसलो. कारण मी बघून ठेवलं होतं, गेल्या वर्षी तिथल्या कॉम्प्युटरचा शेवटचा प्रवेश माझ्याहून बऱ्याच जास्त मार्कांना झाला होता; अमरावतीचं इलेक्ट्रिकल मात्र माझ्या मार्कांत बसत होतं. मिळणारच नाही म्हटल्यावर मान द्यायला काय जातं? खाली बारीक अक्षरात सूचना होत्या आणि ‘वाचले, मान्य आहे’ असा चौकोन होता. मी टिचकी मारली. उपकेंद्रात पाटी वाचल्याशिवाय कशाला हात लावायचा नाही, हे नवीन पोरांना घसा कोरडा करून सांगणारी बाई मी.

यादी लागली तेव्हा मी ड्यूटीवर होते. मोबाईलवर मेसेज आला. पहिला पर्याय मिळाला होता. त्या कॉलेजानं यंदा कॉम्प्युटरची एक तुकडी वाढवली होती, हे मला मागाहून कळलं. मी लगेच नेटवाल्याला फोन लावला आणि पुढच्या फेरीत बदलता येईल का विचारलं.

‘दोन नंबरचं लागलं असतं तं थांबता आलं असतं,’ तो म्हणाला. ‘एक नंबरचं लागलं की लॉक. घ्या, नाईतं यंदाच्या फेऱ्यांतून बाहेर. नशीबवान हाये ताई तुम्ही, पह्यल्या झटक्यात पह्यला नंबर!’

मी वहीत त्या तासाचे आकडे लिहिले. चुकीच्या रकान्यात लिहिले, मग खोडले.

घरी पोचले तर पेढे आलेले. भासऱ्यांनी गल्लीत स्वतः वाटले होते. ‘आमच्या सूनबाईनं माह्या शब्दाले मान देला,’ असं ज्याला त्याला सांगत होते. नवरा माझ्याकडे बघेना. मी काय सांगणार होते? की दादा, तुम्ही सांगितलेलं वर टाकलं ते मिळणार नाही म्हणूनच टाकलं? तोंडात पेढा आणि डोळ्यांत पाणी, आणि सगळ्यांना वाटलं आनंदाचं.

प्रवेशाच्या दिवशी भासरे इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सोबत आले. नोकरी मी आधीच सोडली होती आणि माझ्या जागेवर नवीन पोरगा रुजू झाला होता, म्हणजे मागचं दार बंद. रांगेत माझ्यापुढे चार-पाच जण होते, सगळे माझ्या निम्म्या वयाचे. एकानं मला विचारलं, ‘काकू, मुलाचं अ‍ॅडमिशन का?’ मी मान हलवली, हो की नाही ते मलाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात भासरे खालच्या आवाजात म्हणाले, ‘एक ईचारू? तुले लाईटचंच शिकाचं होतं ना?’

मी रांगेतून वळून त्यांच्याकडे पाहिलं.

‘तुह्या नवऱ्यानं सांगतलं होतं मले. मले वाटलं तू अमरावती टाकशीन,’ ते म्हणाले. ‘मी तं आपलं म्हटलं. तुम्ही ईचारता, मंग मोठ्या मानसाले काईतरी म्हनाच लागते. आजवर कोन माह्यं आयकलं? लेकीचं नाव तरी ठेवलं का मी सांगतलेलं?’

‘मंग तवाच काऊन नाई बोलले दादा?’

‘तू एक नंबरले टाकलं. मले वाटलं, या टायमाले खरंच पटलं तुले.’ ते हसले, आणि इतके खूश दिसले की मला त्यांचा राग आला, आणि राग आल्याची लाजही वाटली.

खिडकीतून माझं नाव पुकारलं. अजून सही झाली नव्हती. मागं फिरता येत होतं. एक वर्ष घरी बसायचं आणि पुन्हा अर्ज भरायचा, एवढंच. पण त्यासाठी या माणसाला इथंच, रांगेत, सांगावं लागलं असतं की तो मान खोटा होता. जन्मभरात एकदाच त्यांचं कुणी खरोखर ऐकलं होतं, असं त्यांना वाटत होतं. मी दाखले आत सरकवले आणि सही केली. बाबूनं ते फायलीत घातले आणि पुढच्याला हाक मारली.

आता दुसरं वर्ष अर्धं झालं. पोरं चांगली आहेत, पहिल्या बाकावरची जागा मला सोडतात. परवा तास चालू असताना उपकेंद्रातल्या नवीन पोराचा फोन आला. ‘ताई, ब्रेकर घेऊन नाई राह्यला, लाईन चालूच होत नाई, साहेब फोन उचलत नाई.’ मी व्हरांड्यात उभी राहून त्याला एकेक गोष्ट तपासायला सांगितली. लाईन चालू झाली तसा तो ‘झालं, झालं’ म्हणाला आणि फोन ठेवला. मी पुन्हा आत जाऊन बसले. फळ्यावर काय लिहिलं होतं ते मला कळलं नाही, आणि कळून घ्यावंसंही वाटलं नाही.

संध्याकाळी माझी बस येते तेव्हा भासरे स्टँडवर उभे असतात. मी नको म्हटलं तरी येतात. माझी बॅग स्वतःच्या खांद्याला लावतात आणि रोज तेच विचारतात, ‘कसं, जवळ पडते ना?’

‘हाव दादा,’ मी म्हणते, ‘जवळ पडते.’