बोरीवर बसलेल्या माताराम

सोयाबीन पिवळं पडलं तेव्हा मला वाटलं, मीच मारलं याला. आठवीनंतर माझी शाळा सुटली, म्हणून जमेल तसं लिहून राहिले. आमचं घर शहरात, चेरीतालला, हे फॅक्टरीत कामाला, आणि शेत तिलवाऱ्याच्या पुढे, नर्मदेजवळच्या गावात. शेत बाबाच बघायचे, म्हणजे माझे सासरे. या साली पेरणीच्या आधीच त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, आणि दवाखान्यात सगळ्यांसमोर ते मला म्हणाले, "बेटा, यंदा शेत तू बघ." त्यांचा मोठा मुलगा बाजूलाच उभा होता, तरी मलाच काहून म्हटलं, ते मला आजही माहीत नाही. पण तेव्हापासून झोप गेली. शेत हातचं गेलं तर बाबांना कसं सांगायचं, एवढंच डोक्यात फिरायचं.

माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, बोरीच्या, म्हणजे पोत्यातल्या रासायनिक खताशिवाय शेतीच मानत नाहीत. सासूबाई म्हणायच्या, शेणखत सोडून दुसरं काही घालू नको. कृषी कॉलेजच्या एक मॅडम गावात आल्या होत्या, त्यांनी सांगितलं, दोन्ही घाला. चांगलं कुजलेलं शेणखत आधी मातीत मिसळा, बोरीचं खत पेरताना आणि नेहमीपेक्षा कमी, आणि बियाण्याला जीवाणूंची काळी पावडर चोळा. मी घाबरत घाबरत तसंच केलं. भासरे बांधावर उभे राहून हसले, "वा बहू, खिचडी पकवून राहिली!"

उगवलं छान. मग झड लागली, पाऊस थांबेचना, आणि पानं पिवळी पडली. भासऱ्यांनी युरियाची बोरी आणून बांधावर टाकली. "आता तरी माझं ऐक. हे टाक, नाहीतर बाबांना काय तोंड दाखवशील?" आणि मोटरसायकल फिरवून गेले. मॅडम म्हणाल्या होत्या की सोयाबीनच्या मुळांना गाठी येतात, त्या रोपाला जेवण देतात, वरून युरिया घातला की गाठी आळशी होतात. आठवत होतं सगळं, पण हिंमत कुठून आणू? छोटीला, माझ्या पोरीला, कडेवरून खाली ठेवलं, नर्मदेकडे तोंड करून हात जोडले, मैया, मला काही समजत नाही, तूच बघ, आणि बोरीचा दोरा सोडायला वाकले.

तेवढ्यात मागून आवाज आला, "नर्मदे हर!"

एक म्हाताऱ्या माताराम होत्या, नर्मदेची परिक्रमा करणाऱ्या. चातुर्मासात परिक्रमा थांबते, म्हणून गावच्या मंदिरात मुक्कामाला होत्या. पाऊस उघडला म्हणून फिरत आल्या असतील. आल्या आणि न विचारता त्या बोरीवरच बसल्या. "बिटिया, गोड़े पिरा रए, तनक बैठन दे." पाय दुखत असलेल्या परिक्रमावाल्यांना उठा कसं म्हणायचं? मी हळूच म्हटलं, "माताजी, खाद डालना है." त्या झोळीतले फुटाणे चावत म्हणाल्या, "डाल लियो. खेत कहाँ भागो जा रओ?"

मी बघत राहिले आणि इकडे छोटीनं रांगत जाऊन एक रोप उपटलं, तोंडात घालायला निघाली. धावत जाऊन हिसकावलं. मुळांवर गाठीच गाठी. नखानं एक फोडली तर आतून गुलाबी, छोटीच्या हिरड्यांसारखी. मॅडमनी हेच सांगितलं होतं, आतून गुलाबी म्हणजे जिवंत. दुसरं रोप उपटलं, तेही गुलाबी. मग उताराला गेले, जिथं पिवळेपणा सगळ्यात जास्त होता, तिथं घोट्याएवढं पाणी साचलेलं. तेव्हा समजलं, रोपं उपाशी नव्हती, गुदमरून राहिली होती. फावडं घेतलं आणि बांध फोडून नाली काढली, साडी चिखलानं भरली, पण पाणी खळखळ वाहून गेलं. वळून बघते तर माताराम अजून बोरीवरच, मांडीत छोटी. मग उठल्या, "चलो, आराम मिल गओ," म्हणाल्या आणि काठी टेकत गेल्या.

बोरी मी तशीच परत पाठवली. भासरे रोज टोमणे मारायचे, मी रोज भीत भीत शेतात जायची. ऊन पडलं, शेंड्याला नवीन पान आलं ते हिरवं आलं. मग फुलं आली, शेंगा धरल्या, बुडापासून शेंड्यापर्यंत. कापणीच्या आधी बाबा ऑपरेशननंतर पहिल्यांदा ऑटोनं शेतात आले. एक वाळकी फांदी कानाजवळ धरून त्यांनी हलवली, शेंगा वाजल्या, आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग मला विचारलं, "बेटा, पुढच्या साली काय पेरायचं?" भासरे तिथंच होते.

हे म्हणतात, ऊन पडलं, पाणी निघालं, पीक सुधारलं, त्यात काय. खरं असेल. मी कोणाशी वाद घालत नाही. खत मी घातलं, नाली मी काढली, पण त्या दिवशी माझा हात मी अडवला नव्हता. आताही भीती वाटते, पोरीला ताप आला तरी वाटते. मग जे करायचं ते करते, आणि करून झालं की हात जोडून थोडा वेळ नुसती उभी राहते. घाई करत नाही. मैयाला पण थोडी जागा लागते.