नावं न ठेवता निपाणीमार्गे बेळगाव

"ताई, मी येते तुझ्याबरोबर. पण एक अट आहे. वाटेत कुणालाही नावं ठेवायची नाहीत. रस्त्याला नाही, जेवणाला नाही, माणसांना तर नाहीच नाही. आणि स्वतःलासुद्धा नाही."

माझी धाकटी बहीण मंजू फोनवर हे सगळं एका दमात बोलली. घोकून ठेवलेलं असावं. मी हसले, पण ती हसली नाही.

ओळख करून देते. मी साताऱ्यात एका शाळेत पर्यवेक्षिका आहे. चुका शोधणं हा माझा व्यवसाय आहे आणि खरं सांगायचं तर छंदही. मंजू कराडला एकटी राहते, लग्न केलेलं नाही. बँकेतली नोकरी सोडून ती घरून साड्या विकते. नोकरी सोडली तेव्हा मी तिला जे काही ऐकवलं, त्यानंतर तिचं साताऱ्याला येणं कमी होत गेलं. भांडण असं झालं नव्हतं. फोन व्हायचे, पण पाऊस-पाणी आणि तब्येत यापलीकडे जायचे नाहीत.

गाडीचं असं झालं की सुहासच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाडी दारात नुसती उभी राहायला लागली. म्हणून मी पन्नाशी उलटल्यावर शिकले. परवाना हातात आला तरी साताऱ्याबाहेर गाडी काढली नव्हती. सुट्ट्या लागल्या तशी एका सकाळी वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही, आणि मंजूला फोन केला. कुठे जायचं ते मंजूनेच ठरवलं: पहिला मुक्काम निपाणी, दुसरा बेळगाव. अट मला पोरकट वाटली, पण बहीण हवी होती. हो म्हटलं.

सातारा ते निपाणी

तुम्ही जाणार असाल तर आधीच सांगते, कोल्हापूरपर्यंत रस्त्याची कामं चालू आहेत. उड्डाणपुलांसाठी जागोजागी वळणरस्ते काढलेत, एका लेनमध्ये ट्रक, उसाच्या ट्रॉल्या आणि आपण. वेळ हातात ठेवून निघा. फास्टॅगमध्ये पुरेसे पैसे टाका, महाराष्ट्रातले नाके संपले तरी पुढे कर्नाटकातले आहेतच.

कराडला मंजूला घेतलं. ती पुढच्या सीटवर बसली, पट्टा लावला आणि माझ्या हाताकडे बघून म्हणाली, "स्टेअरिंग किती घट्ट धरलंयस गं!"

"मला अजून नीट येत नाही. रस्त्यावर यायच्या लायकीची नाहीये मी."

"ठेवलंस नाव. स्वतःला."

तिथून पुढे मला कळायला लागलं की अट पोरकट नाही, अवघड आहे. डावीकडून एक दुचाकीस्वार घुसला, माझ्या तोंडात शब्द तयार. गिळला. पेठनाक्याजवळ मिसळ खाल्ली, कट पाणचट होता. गिळला, दोन्ही अर्थांनी. ट्रकने मागून भोंगा मारला की मला वाटायचं, माझीच चूक, मीच हळू चालवतेय. दर थोड्या वेळाने मंजू माझा चेहरा बघून नुसतं बोट वर करायची. बाहेर बोलण्यापेक्षा आत चाललेलं बोलणं कितीतरी जास्त असतं, हे मला त्या बोटामुळे कळलं.

कागल मागे पडलं, कोगनोळीच्या नाक्यानंतर पाट्या कानडीत सुरू झाल्या आणि शेतं मात्र तशीच राहिली. निपाणीत शिरताना काच खाली केली तर हवेत तंबाखूचा सुका, जरा गोडसर वास. आवडला मला. हे सांगायला हरकत नाही, कौतुकाला अटीत मनाई नव्हती.

मंजूची कॉलेजातली मैत्रीण पद्मा हिच्या सासरी आमचा मुक्काम होता. जैन कुटुंब, शेती आणि भुसाराचा व्यापार. ही मंडळी सूर्यास्ताच्या आत जेवतात, आणि आम्ही पोचलो तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

"किती वेळ गं मंजू! मी दुपारपासनं वाट बघालोय," पद्मा दारातच म्हणाली.

इकडे बायकाही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. माझी जीभ सुधारणा करायला वळवळली. मंजूकडे पाहिलं आणि गप्प बसले.

मागून पद्माच्या सासूबाई आल्या. त्यांना सगळे आक्का म्हणतात. "बर्री, बर्री! या, या. हातपाय धुवा आधी."

"आक्का, माझ्यामुळे उशीर झाला. मला गाडी धड चालवता येत नाही, मी फार हळू..."

"मग बरंच झालं की," आक्का म्हणाल्या. "हळू आलासा म्हणून नीट आलासा. आमचं जेवण झालंय, तुमचं झाकून ठेवलंय. बसा."

ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, दोडक्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. कांदा-लसूण काही नाही, आणि आठवणही झाली नाही. पद्माची जाऊ आम्हाला वाढता वाढता सारखी फोनमध्ये बघत होती. पाणी मागितलं तेव्हा तिला दोनदा हाक मारावी लागली. माझ्या डोक्यात तिच्यावरचा पूर्ण परिच्छेद तयार झाला. तो मी पाण्याबरोबर खाली ढकलला. ती फोनमध्ये काय बघत होती ते मला आजही माहीत नाही. गंमत म्हणजे भाकरी तिनेच केली होती आणि तशी मऊ भाकरी मी फार दिवसांत खाल्ली नव्हती.

घाट, आणि मंजूचं बोलणं

सकाळी नाष्टा करून निघालो. निपाणी सोडली की स्तवनिधीजवळ तवंदीचा घाट लागतो. रस्ता चौपदरी आणि चांगला आहे, पण चढावर मालट्रक रांगत असतात. घाटाच्या विचाराने मी रात्रभर कूस बदलत होते. एका ट्रकच्या मागे वेग इतका कमी झाला की गाडी आचके देऊन बंद पडली. मागून भोंगे.

"मंजू, मला नाही जमणार."

"हे नाव ठेवणं आहे की माहिती आहे?" तिने शांतपणे विचारलं.

मला राग आला. त्या रागातच हँडब्रेक लावला, किल्ली फिरवली, क्लच हळू सोडला. गाडी हलली. वर पोचल्यावर कडेच्या चहाच्या टपरीवर थांबलो तेव्हा माझा ब्लाऊज घामाने चिकटला होता आणि मी वेड्यासारखी हसत होते. तवंदी चढले, मी चढले!

चहा हातात घेऊन मंजू म्हणाली, "ताई, आपण बेळगावला कुंदा खायला चाललेलो नाही."

"मग?"

"एका माणसाला भेटायला. शिवानंद त्यांचं नाव. वडगावला असतात, घरात माग आहेत. मी दोन वर्षं त्यांच्याकडून साड्या घेते. त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी वारली. आम्ही लग्न करायचं म्हणतोय."

चहाचा कप मी खाली ठेवला. माझी चव्वेचाळीस वर्षांची बहीण लग्न करणार होती आणि हे माझ्याशिवाय बहुधा सगळ्यांना माहीत होतं. पद्माला, आक्कांनासुद्धा.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

ती रस्त्याकडे बघत राहिली. "तू त्यांना एकदा माझ्या डोळ्यांनी बघावंस असं वाटत होतं. तुझ्या डोळ्यांनी नंतर."

'तुझ्या'वर तिने जो जोर दिला, तो मला लागला. डोक्यात प्रश्नांची फौज उभी राहिली. शिक्षण किती? भाषा कोणती? या वयात? लोक काय म्हणतील? त्यातला एकही प्रश्न तिच्या सुखाबद्दलचा नव्हता, हे लक्षात आलं आणि मी पुन्हा कप उचलला.

"चल," एवढंच म्हटलं. संकेश्वर, हत्तरगी, मग काकती. एकेक गाव मागे पडत गेलं.

वडगावची गल्ली

बेळगावात शिरलं की वडगावला जायला शहापूरच्या बाजूने जा आणि गाडी मोठ्या रस्त्यावरच लावा. मी लावली नाही. मंजूने गल्ली दाखवली, मी वळवली. गल्ली आत जाऊन निमुळती होत गेली. दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांचा खटखट खटखट आवाज, दारात स्कूटर, सायकली, एका कठड्यावर वाळत घातलेलं रंगीत सूत. आणि पुढे सरळ भिंत.

वळायला जागा नाही. मागे एक टेम्पो येऊन थांबला, त्याने कसाबसा मागे सरकून वाट मोकळी केली. दारादारांतून माणसं बाहेर आली. बघता बघता गल्लीची जत्रा झाली, आणि मध्ये मी, काच वर करून, लाल चेहऱ्याने.

एका घरातून एक माणूस आला. बुटका, टक्कल पडलेलं, शर्टावर धाग्यांचे तुकडे चिकटलेले. मंजूचा चेहरा बघून कळलं की हाच तो. मंजूपेक्षा बोटभर कमीच उंची. माझ्या डोक्याने नोंद केली, सवयीप्रमाणे. त्याने वाकून काचेवर टकटक केली.

"नमस्कार आक्का. मी शिवानंद. गाडी मी मागं काढून देऊ काय?"

हो म्हणायला माझं तोंड उघडलंही होतं. सुटका होती ती. त्यात शेजारचा कुणीतरी म्हणाला, "दे की रं काढून, बायामाणसाला कुठलं जमतंय?" मी किल्लीवरचा हात काढला, पुन्हा ठेवला.

"नको. मी काढते."

मला वाटलं हा आग्रह करेल, समजावेल. माझ्या शाळेतल्या निम्म्या पुरुषांनी तेच केलं असतं, मीही केलं असतं. तो फक्त म्हणाला, "बरं. मग मी मागं थांबतो. घाई न्हाय कुणाला. आरसा बघा आणि माझा हात बघा."

तो मागे जाऊन उभा राहिला. त्याने स्कूटरी बाजूला करायला लावल्या, सूत उचलायला लावलं. एकदाही ओरडला नाही. हात डावीकडे, हात उजवीकडे, तळवा पुढे म्हणजे थांबा. मी चुकीच्या बाजूला चाक फिरवलं की तो थांबायचा, मला माझं कळेपर्यंत वाट बघायचा आणि मग हात पुन्हा दाखवायचा. गाडी बोटाबोटाने मागे जात होती. डोक्यातला आवाज चालूच होता: तुला जमणार नाही, सगळे हसताहेत. पण मला त्या आवाजाला उत्तर द्यायला सवड नव्हती, मी हात बघत होते.

शेवटच्या वळणावर खर्रकन आवाज झाला. डावं दार एका घराच्या जोत्याला घासलं. जोत्याचा टवका उडाला. मी ब्रेक दाबला आणि डोळे मिटले.

त्या घराच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. ती उठून खिडकीशी आली.

"भिऊ नगंस गं बाई. त्या कोपऱ्याला सगळ्यांचीच लागत्या. माझ्या लेकाची सुद्धा दोनदा लागल्या." तिने मागे बघून शिवानंदाकडे बोट दाखवलं. "घे मागं, हाय जागा."

लेक! म्हणजे मी मंजूच्या होऊ घातलेल्या सासरच्याच घराचा टवका उडवला होता. मी डोळे उघडले. चाक सरळ केलं. गाडी मोठ्या रस्त्यावर आली आणि गल्लीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. बायामाणसाला जमत नाही म्हणणारा तो शेजारीही हसत होता. "जमलं की वो!" तो ओरडला. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्यालाही दाखवला. इतका आनंद मला परवाना मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

अव्वांच्या घरी

म्हातारीला मंजू अव्वा म्हणते, कानडीत आईला म्हणतात तसं. अव्वांनी चहा केला, खडेबाजारातून आणलेला कुंदा बशीत ठेवला. दाट, खरपूस, दुधाची साय भाजल्यासारखा. शिवानंद फार बोलले नाहीत. माग बंद करून आले होते, तरी शेजारच्या मागांचा आवाज भिंतीतून येत होता. मंजू त्यांच्याशी एका साडीच्या काठावरून वाद घालत होती. हिरवा की जांभळा. ते ऐकून घेत होते आणि मधूनच "न्हाय, हिरवाच" म्हणत होते. माझी बहीण त्या घरात इतक्या मोठ्याने बोलत होती! माझ्या घरात ती तसं कधी बोलली होती ते मला आठवेना.

मी अव्वांना म्हटलं, "जोतं दुरुस्त करून देते."

"लग्नात घराला रंग द्यायचाच हाय," अव्वा म्हणाल्या आणि मग जीभ चावून माझ्याकडे बघितलं. मला कुणी काय सांगितलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं.

मंजूने हातातली साडी मांडीवर ठेवली. "ताई, काय वाटतं तुला?"

आयुष्यभर लोकांनी मला हाच प्रश्न विचारला आणि मी दरवेळी उत्तर दिलं.

"मला काय वाटतं ते राहू दे. तारीख सांग. सुट्टी काढायला लागेल."

मंजू उठून माझ्या गळ्यात पडली. शिवानंद घाईने आत पाणी आणायला गेले, आणि बराच वेळ आतच राहिले.

संध्याकाळी चौघे बेळगावच्या किल्ल्यात गेलो. आतली कमलबस्ती, म्हणजे जुनं दगडी जैन मंदिर, बघायला विसरू नका, छताचं कोरीव कमळ मान दुखेपर्यंत बघावं. रात्री गरम लोणी डोसा. राहायला बसस्टँडच्या आसपास साध्या, स्वच्छ खोल्या मिळतात, पण अव्वांनी आम्हाला कुठे जाऊ दिलं नाही.

घरी

परतीला तवंदीचा घाट उतरताना मी एका ट्रकला मागे टाकलं. मंजूने बोट वर केलं नाही, शिट्टी वाजवली.

तिला कराडला सोडून साताऱ्यात पोचले. सुहास बाहेर आला, गाडीभोवती फिरला आणि डाव्या दाराशी थांबला. मग माझ्याकडे बघितलं. मी आता तासभर स्वतःला शिव्या घालणार, याची त्याची तयारी झालेली दिसत होती.

"वडगावात लागली," मी म्हटलं. "गल्ली अरुंद होती. पण बाहेर मीच काढली. आणि मंजूचं लग्न ठरलंय."

त्याने ओरखड्यावरून एकदा बोट फिरवलं आणि माझी बॅग उचलली.

सवय गेली, असं मी सांगणार नाही. डोक्यातली पर्यवेक्षिका निवृत्त झालेली नाही. पण ती बोलायला लागली की आता ऐकायलाच हवं असं नाही, एवढं मला त्या गल्लीत कळलं. आणि मला गाडी चालवता येते. चांगली येते.

सुहासने पिठलं केलं होतं. त्यात गुठळ्या होत्या. मला सडकून भूक लागली होती. मी दोनदा वाढून घेतलं.