मधुकाकांचा सर्जन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माधवीलाही नाही — आणि माधवी म्हणजे माझी बायको, जिला माझ्या दाढदुखीपासून ऑफिसातल्या भांडणांपर्यंत सगळं ठाऊक असतं. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. किंवा एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं बोलणं ऐकताना तुम्हीही कधी मनात म्हणाला असाल — काय थापा मारतोय हा. म्हणाला असाल ना? मग आपलं जमेल.

मी मुळात संशयी माणूस. हायडेलबर्गजवळच्या एका कारखान्यात तेवीस वर्षं क्वालिटी विभागात आहे. गाड्यांचे सुटे भाग येतात, पुरवठादार म्हणतो माल उत्तम आहे, आणि मी म्हणतो, दाखव. माझा पगारच मुळी संशय घेण्याचा आहे. हा स्वभाव मी संध्याकाळी कारखान्यात ठेवून घरी यायला हवं होतं, पण तो बरोबरच यायचा.

मधुकाका शिल्पाचे वडील. शिल्पा आमच्या मराठी मंडळातली, दोन गल्ल्या सोडून राहते, मला दादा म्हणते. तिच्या लहानपणीच काका पुण्यातली कारकुनी सोडून अमेरिकेला गेले होते — सिनेमात काम करायला. बायको-मुलगी पुण्यात, हे तिकडे. एकतीस वर्षं. पत्रं यायची, नंतर फोन, दोन-चार वर्षांनी एखादी भेट. शिल्पाची आई गेली, काकांचे गुडघे गेले, आणि शहात्तराव्या वर्षी ते एक सुटकेस घेऊन लेकीकडे जर्मनीत राहायला आले.

काय कामं केली म्हणे हॉलिवूडमध्ये? नायकाची नाहीत, खलनायकाचीही नाहीत. डॉक्टर, दुकानदार, टॅक्सीवाला, कुठल्या तरी वकिलातीतला सेक्रेटरी, पहिल्या दहा मिनिटांत मरणारा शास्त्रज्ञ. पडद्यावर सतरा वेळा मेलोय, असं ते हसत सांगायचे. ऑडिशनला जाताना स्वतःचा स्टेथोस्कोप खिशात घालून न्यायचे. मिशीवाला, बिनमिशीचा आणि दाढीवाला असे स्वतःचे तीन फोटो कायम तयार ठेवायचे. मंडळाच्या बायकांना हे ऐकायला फार आवडायचं. मला नाही.

कारण पुरावा कुठे होता? फोटो, व्हिडिओ टेप्स, करारपत्रं — सगळं म्हणे एका गॅरेजमध्ये ठेवलं होतं आणि गॅरेजात पाणी शिरलं. आता सांगा, थापा मारणाऱ्या प्रत्येकाच्या गॅरेजात पाणीच का शिरतं? मी इंटरनेटवर नाव शोधलं, काही सापडलं नाही. ते म्हणाले, एजंटने दोनदा नाव बदललं, आणि छोट्या भूमिकांची नावं पडद्यावर येतातच असं नाही. असेलही. मी मग तीच गोष्ट त्यांना महिन्याभराने पुन्हा विचारायचो आणि फरक हेरायचो. एकदा दिग्दर्शक टकला होता, एकदा नव्हता. मी आतल्या आत खूश.

तुम्ही विचाराल, तुम्हाला काय करायचं होतं? म्हातारा माणूस आहे, सांगू दे की. बरोबर आहे. पण मीही एके काळी नाटकातला होतो. कॉलेजात असताना एकांकिकांमध्ये दोन बक्षिसं मिळवली होती. मुंबईत एका नाटकात छोटं काम मिळत होतं, आणि त्याच आठवड्यात इथल्या नोकरीचं पत्र आलं. मी नोकरी घेतली. पुढे आयुष्यभर स्वतःला एकच गोष्ट ऐकवली, की आपल्यासारख्यांना त्या धंद्यात भवितव्य नसतंच. आणि आता हा पुण्यातला एक कारकून, माझ्याहून कमी देखणा, माझ्यासमोर बसून चकली खातो आणि म्हणतो, मला होतं. तो खरा असेल तर मी काय ठरतो? भित्रा. म्हणून मला ते खोटे हवे होते. अगदी मनापासून हवे होते.

त्यांची एक गोष्ट सगळ्यांच्या आवडीची होती. विमान कोसळण्याचा एक सिनेमा. त्यात ते सर्जन. आठ मिनिटांचं काम, त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं. तोंडावर मास्क, डोक्यावर टोपी, दिसतात फक्त डोळे. एका लहान मुलीचं ऑपरेशन चाललेलं असतं. काका सांगायचे, “माझे हात थरथरायला लागले रे. तर मी आपला पुटपुटलो — हळू, बाळा, हळू. मराठीतच. दिग्दर्शक म्हणाला, काय बोललास ते कळलं नाही, पण राहू दे.” आणि ते तसंच ठेवलं म्हणे सिनेमात. हॉलिवूडच्या सिनेमात मराठी! शिल्पाची लेक इरा, तेव्हा बारा वर्षांची, हे मैत्रिणींना सांगत फिरायची.

मी तो सिनेमा शोधायला लागलो. कौतुक म्हणून? छे. पकडायला. तीन महिन्यांनी जुन्या बाजारात, फ्लोमार्क्टला, त्याची डिस्क मिळाली. शनिवारी सकाळी माधवी भाजी आणायला गेल्यावर मी ती लावली. सर्जन आला. मास्क, टोपी, डोळे — कुणीही असू शकेल असा. आवाज जाड, जर्मन. इथे परदेशी सिनेमे सगळे डब केलेले असतात, तुम्हाला माहीत असेल. सापडला, असं मी म्हणालो. मग सवयीने — मालाची दुसरी बाजूही तपासायची असते — भाषा बदलून इंग्रजी केली.

आणि मधुकाका बोलायला लागले.

तोच आवाज. वाक्य सुरू करण्याआधीचा तोच छोटा खोकला. वाक्याचं शेपूट ओढायची तीच सवय. आणि मग मास्कच्या आतून, अगदी हलक्या आवाजात — हळू, बाळा, हळू. मी ते पाच वेळा मागे नेऊन ऐकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं का बोलू. इतकं खरं काम मी उभ्या आयुष्यात केलं नव्हतं. एका मिनिटात एक म्हातारा माणूस खरा ठरला होता, आणि मला त्याचा राग आला होता. पाणी आणि राग, दोन्ही एकदम. हे कसं होतं, मला अजून कळलेलं नाही.

दिवाळी फराळाचा कार्यक्रम त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी होता. हॉल घेतला होता, तीस-पस्तीस माणसं. मी जाहीर करून टाकलं होतं, की मधुकाकांचा सिनेमा मिळालाय, सगळे मिळून त्यांचा तो भाग पाहू. काका इस्त्रीचा झब्बा घालून आले होते. शिल्पा पहिल्या रांगेत. तिने कधी ते काम पाहिलंच नव्हतं. तुम्ही एक लक्षात घ्या — आमच्यासाठी ती गंमत होती, तिच्यासाठी नव्हती. बाप ज्यासाठी आपल्याला सोडून गेला ते खरोखर काही होतं की नाही, हे तिला त्या दुपारी कळणार होतं. आणि हे मला माहीत होतं. आठवडाभर आधी तिनेच मला सांगितलं होतं.

मी डिस्क लावली. जर्मनमध्ये.

सर्जन आला, जाड आवाजात बोलायला लागला. मागून कुणीतरी म्हणालं, “काका, जर्मन फारच सुधारलं की तुमचं!” हशा पिकला. काकाही हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सुहास, इंग्रजीत लाव रे जरा.”

रिमोट माझ्या हातात होता. एक बटण. मी म्हणालो, “काका, इंग्रजी नाहीये ह्यात. जुनी डिस्क आहे, फक्त जर्मन.”

हेच ते. इतकंच. हे एक वाक्य सांगायला मी तुम्हाला इतका वेळ गोल गोल फिरवतोय.

काका तरी पुढे सरसावून बसले. त्यांची ती जागा जवळ आली, तसे त्यांचे ओठ हलायला लागले. सगळे कान टवकारून बसले होते. आणि स्पीकरमधून आलं — गान्झ रूहिग, गान्झ रूहिग. म्हणजे शांत, शांत. कुणीतरी फिस्सकन हसलं. इरा आजोबांच्या शेजारीच बसली होती. दुष्टपणे नाही, अगदी साधेपणाने ती म्हणाली, “आजोबा, दास बिस्ट डू गार निश्ट.” हे तुम्ही नाहीच आहात. शिल्पा उठली आणि रिकाम्या प्लेट्स गोळा करायला लागली. प्लेट्स अजून रिकाम्या झाल्या नव्हत्या.

 काका माझ्या हातातल्या रिमोटकडे पाहत होते.

त्यांना कळलं होतं का? त्या दिवसापासून माझा संशय दिशा बदलून माझ्याच मागे लागला. ते चहाला आले की मी त्यांचं तोंड निरखायचो. आज बोलतील, उद्या बोलतील. डिस्क मी कपाटात कागदपत्रांच्या मागे सारली होती. ते त्या खोलीत गेले की मी काहीतरी निमित्त काढून मागोमाग जायचो. काका आपले हवापाण्याबद्दल बोलायचे, बागेबद्दल बोलायचे. सिनेमाच्या गोष्टी मात्र बंद झाल्या. कुणी छेडलंच तर म्हणायचे, जुनं झालं ते सगळं. मग लोकांनी छेडणंही सोडलं. एकदाच, ट्रामची वाट बघत उभे असताना, ते आपणहून म्हणाले, “आमच्यात कसं असतं माहितीये? काम कापलं गेलं की कुणी कापलं ते कळत नाही. कधी कळतंही. पण दुसऱ्या दिवशी त्याच्याच शेजारी बसून चहा प्यायचा असतो.” मी विचारलं, काका, म्हणजे? ते म्हणाले, “काही नाही, ट्राम आली.”

तेव्हा सांगता आलं असतं. त्यानंतर दोन वर्षं होती, कुठल्याही दिवशी सांगता आलं असतं. चला काका, डिस्क सापडली, इंग्रजी आहे हो, मलाच दिसलं नव्हतं. एवढी साधी थापही मला मारता आली नाही.

गेल्या हिवाळ्यात काका गेले. झोपेतच गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिल्पा आमच्या स्वयंपाकघरात बसली होती, डोळे सुजलेले. मंडळाच्या ग्रुपवर टाकायला चार ओळी मराठीत लिहून द्याल का, म्हणाली. तुमचं मराठी चांगलं आहे. मी नाव लिहिलं, वय लिहिलं, गाव लिहिलं. मग तिने विचारलं, “दादा, बाबा काय होते असं लिहायचं? इरा विचारत होती, शाळेत काय सांगू म्हणून. तुम्हाला नाटकातलं कळतं. तुम्हाला काय वाटतं — ते खरंच करत होते का काही तिकडे?”

माधवी चहा गाळत होती. शिल्पा माझ्याकडे बघत होती. चाळिशी ओलांडलेली बाई, पण तो प्रश्न तिच्या लहानपणापासूनचा होता, आणि त्याचं उत्तर असलेला जगात मी एकटाच माणूस उरलो होतो.

“जाऊ दे ना शिल्पा,” मी म्हणालो, “आता काय फरक पडतो.”

आणि मी लिहिलं — हौशी कलावंत.

एकतीस वर्षं ज्याने दुसरं काही केलं नाही, त्याला मी हौशी लिहिलं. शिल्पाने ते वाचलं, मान हलवली, ग्रुपवर टाकलं आणि मला थँक्यू म्हणाली.