टाकीतली तीन वर्षं

बंद पडलेली गाडी दारात आली की सुखदेवभाऊ आधी गाडीकडे पाहायचेच नाहीत. आणणाऱ्याकडे पाहून विचारायचे, "किका किती मारल्या?" समोरचा म्हणायचा, असतील दोन-चार. "खरं सांगा." मग हळूहळू कबुली यायची की सकाळपासून घरातल्या सगळ्यांनीच पाय साफ करून घेतले. "पेशंटले पयले मारता, मंग डॉक्टरले दाखोता," एवढं बोलून ते पान्याला हात घालायचे. देऊळघाटात, बुलढाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. चालत्या गाड्या कुणीही दुरुस्त करतं, पण महिनोन् महिने उभी राहिलेली गाडी असली की पार धामणगाव बढ्यापासून लोक त्यांचं नाव विचारत यायचे.

जुनं पेट्रोल काढायची त्यांची एक रीत होती. टाकीत नळी तेच सोडायचे, पण रबरी पंप द्यायचे मालकाच्या हातात. आपण फक्त कॅन धरून बसायचे. एकदा कुणीतरी वैतागून म्हणालं, तुम्हीच उरका की भाऊ, तर म्हणाले, "गॅरेजवाल्यानं पेट्रोल काढलं म्हंजे चोरलंच, असं आख्खं गाव धरून चालते. म्हनून मी काढतच नाई. तुमचं तुमी काढा, तुमच्या डोयानं पाहा, मंग मले दोष देऊ नका." आलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत धरून ते मालकाला उन्हात दाखवायचे, वास घ्यायला लावायचे. नंतर ते पेट्रोल चेनी धुवायच्या डब्यात जायचं. जमिनीवर एक थेंब सांडलेला त्यांना खपत नसे.

मी त्यांच्याकडे गेले ती आमच्या यांची स्कूटर घेऊन. हे गेले त्याला तीन वर्षं होत आली होती. सकाळी दुकानात गेले, दुपारी दवाखान्यातून फोन आला, एवढंच. तेव्हापासून माझ्या आत काहीतरी बधिर झालं होतं. शाळेत शिकवायचे, स्वयंपाक करायचे, लोक विचारायचे त्याची उत्तरं द्यायचे. रडू आलं नाही म्हणून बायकांनी नावंही ठेवली. त्या जूनमध्ये माझ्या शाळेच्या गावाची सकाळची एसटी बंद झाली. अकरा किलोमीटर. महिनाभर मी मिळेल त्या गाडीने गेले, रोज उशिरा पोचले, आणि मुख्याध्यापकांनी स्पष्ट सांगितलं की असं चालणार नाही, दिवाळीआधी सोय करा. सोय म्हणजे ती स्कूटर. तिच्याशिवाय माझी नोकरी राहत नव्हती.

पण स्कूटर आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, होती. कागदावर नव्हे, जिवाने. ओसरीवर चादर पांघरून ती उभी असायची. दर दसऱ्याला आबा तिला धुवायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे. पूजेच्या गाडीची टाकी रिकामी नको म्हणून दरवर्षी पंपावरून अर्धा लिटर आणून जुन्यावर ओतायचे. सुरू मात्र कधी करायचे नाहीत. चालवणारा गेल्यावर सुरू कशाला करायची, असं त्यांचं म्हणणं. मी स्कूटर मागितली तेव्हा ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "सुखदेवले दाखव. तो नाई म्हनला तं विषय बंद." त्यांना वाटत होतं, ती आता सुरू होणारच नाही. मी स्कूटर ढकलत नेली आणि आबा दहा पावलं मागे चालत आले. मदतीला नाही, सोबतीलाही नाही.

सुखदेवभाऊंनी झाकण उघडून वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "याच्यात नवं पेट्रोल कोनं टाकलं?" आबांनी दसऱ्याचं सांगितलं. भाऊ हसले नाहीत. "आबा, नासलेल्या दुधात ताजं टाकलं तं ताजं राह्यते का?" मग त्यांनी नळी आत सोडली, पंप हातात घेतला आणि नेहमीसारखं विचारलं, "मालक कोन?"

"प्रकाश," आबा म्हणाले.

माझ्या नवऱ्याचं नाव तीन वर्षांत कुणी असं वर्तमानकाळात घेतलं नव्हतं.  सुखदेवभाऊ आवाज न चढवता म्हणाले, "तो येनार नाई, आबा. येनाऱ्याचं नाव सांगा."

आबा रस्त्याकडे पाहत राहिले. मी म्हटलं, "मी." पंप माझ्या हातात आला.

दाबत गेले तसं पेट्रोल येत गेलं, कडक चहाच्या रंगाचं, खाली गाळ. भाऊंनी बाटली उन्हात धरली, मी वास घेतला. त्यातलं बरंचसं यांनीच भरलेलं होतं, शेवटच्या आठवड्यात. वास घेताना काहीतरी होईल असं मला वाटलं होतं. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला. मला काहीच वाटलं नाही, आणि काहीच वाटलं नाही याचीच भीती वाटली. आबा एकदम पुढे येऊन म्हणाले, "ते बाटली मले दे, सुखदेव. घरी ठेवतो." भाऊंनी बाटली घट्ट धरली. "हे घरात ठेवाची चीज नाई, आबा. उडून जाते, नाई तं घर पेटोते." आणि आबांच्या देखत त्यांनी ती डब्यात रिकामी केली. त्या वेळी मला तो माणूस फार कठोर वाटला होता.

कार्बोरेटर उघडला तर आत डिंकासारखा थर. तो साफ करायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी स्कूटर खोकत, पांढरा धूर ओकत सुरू झाली. आबा घरीच थांबले होते. शाळेच्या मैदानावर दोन रविवार मला चालवायला शिकवलं तेही सुखदेवभाऊंनीच. मी पडले की म्हणायचे, "गाडी ठीक हाये नं?" मी विचारलं, आणि मी? "तुमी तं बोलून राह्यल्या." त्यानंतर सुट्टीत मी आठ दिवस स्कूटर काढली नाही तर रस्त्यात अडवून विचारायचे, "ताई, काऊन उभी ठेवली? चालनारी गाडी एवढी बिघडत नाई, उभी बिघडते."

नोकरी टिकली. आबा मात्र त्या स्कूटरवर कधी बसले नाहीत. दवाखान्यात जायचं तर ऑटो करायचे. शेजाऱ्यांना सांगायचे, "सून प्रकाशची गाडी घेऊन जाते." मीही कधी दुरुस्त केलं नाही. कशासाठी तरी भांडावं एवढी ऊब माझ्यात शिल्लक नव्हती.

यंदाच्या उन्हाळ्यात सुखदेवभाऊ गेले. दुपारी गॅरेजमध्ये बसल्या बसल्या. मला शाळेत कळलं आणि मी पुढचा तास घेतला. भाऊंच्या घरी पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्यासाठीच्या बुद्धवंदनेच्या, दिवशी मी निघाले, तर आबा धुतलेलं धोतर नेसून दारात उभे. "मी येतो," म्हणाले, आणि मागे बसले. माझ्या खांद्यावर हात ठेवायला त्यांना संकोच वाटत होता, म्हणून सीटची कड धरून बसले. 

वंदना झाली, लोक पांगले. भाऊंच्या पत्नी शांताबाई ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आम्हाला कधी पाहिलं नव्हतं. "तुमी कोन हो?" त्यांनी विचारलं.  मला स्वतःला गिऱ्हाईक म्हणवेना, आणि दुसरं काही नातं नव्हतं.

"हे माही सून," आबा म्हणाले. "ते बाहेर स्कूटर उभी हाये नं, तिची मालकीन."

"आन् तुमी?"

"मी मांगं बसतो."

शांताबाईंनी मान हलवली आणि सरकून आम्हाला जागा करून दिली. मी बसले आणि मला रडू फुटलं, इतकी वर्षं आलं नव्हतं ते सगळं. त्या परक्या बाईने मला जवळ ओढलं. तिला वाटलं, मी तिच्या माणसासाठी रडतेय.