तीन चाळीसची गाडी

आमच्या आत्याला अख्खा बसस्टँड फलाटबाई म्हणायचा. एकोणतीस वर्षं तिनं काचेच्या खोलीत बसून माइकवरून गाड्या पुकारल्या. खोलीला खिडकी एकच, तीही फलाटांकडे. फाटक तिथून दिसायचं नाही. तिचे दोन नियम होते आणि दोन्ही हाडात मुरलेले. घोषणा दोनदा करायची, हा एक. दुसरा असा की इंजिनाचा आवाज चढला की तोंड मिटायचं आणि उतरला की घोषणा पहिल्यापासून. अर्ध्यातून कधीच नाही. अर्धं ऐकून माणूस भलत्या गाडीत चढतो, असं तिचं म्हणणं. घरीसुद्धा मिक्सर लागला की ती वाक्य गिळून उभी राहायची.

तिचा नवरा, म्हणजे आमचे आतोबा, ड्रायव्हर. त्यांचा डावा कान इंजिनानं खाल्ला होता आणि उजवा त्यांनी आपल्या मर्जीनं बंद ठेवला होता, असं आत्या सांगायची. "ती बोलते काय? गाड्यांचे आकडे," एवढीच त्यांची बायकोबद्दलची समज.

रिटायर झाल्यावर आत्यानं एक गोष्ट लिहिली. चार पानं. मला एकट्याला वाचायला दिली. गोष्टीतली बाई स्टँडवर गाड्या पुकारते. घरी नवरा आहे, मारत नाही, पीत नाही, फक्त ऐकत नाही. भिंतीशी संसार करून करून ती एक दिवस चार लुगडी पिशवीत भरते आणि पिशवी माइकच्या टेबलाखाली ठेवते. तीन चाळीसच्या गाडीनं बहिणीकडं जायचं, परत यायचं नाही. गाडी फलाटाला लागते. बाई पुकारते. मध्येच शेजारची गाडी सुरू होते, बाई थांबते. मग पहिल्यापासून. मग नियमाप्रमाणं दुसऱ्यांदा. पिशवी घेऊन बाहेर येते तर फलाट रिकामा. बाई पिशवीसकट घरी जाते आणि कांदा चिरायला बसते.

वाचून मी म्हटलं, "आत्या, ही बाई म्हणजे..."

"गोष्ट आहे. गोष्टीसारखी वाच."

"आतोबांना दाखवलीस?"

"त्यांनी जन्मात वेळापत्रकाशिवाय काही वाचलंय? त्यांना ऐकवायचीय. घरात तोंड उघडलं की टीव्ही मोठा होतो. चारचौघांत पुढच्या रांगेत बसवलं की जातात कुठं?"

गावच्या वाचनालयात महिन्यातून एकदा कथावाचन व्हायचं आणि त्याला संगीताची जोड असायची. पेटी-तबला म्हणाल तर तसलं काही नाही. संगीत करणारा होता फ्रिज दुरुस्त करणारा मिस्त्री. ज्या घरी जाईल तिथले आवाज टेप करून आणायचा. कॉम्प्रेसर, पंखा, पाण्याची मोटर, लिफ्ट. वायरींचा गुंता असलेल्या एका पेटीतून ते आवाज ताणून, एकात एक घालून तो सोडायचा. आत्याला घेऊन गेलो तेव्हा त्यानं थोडं ऐकवलं.

"हे गाणं आहे?" आत्यानं विचारलं.

"गाणं नाही हो मावशी. ॲम्बियंट म्हणतात. हे ऐकायचं नसतं, यात बसायचं असतं."

"पाण्याच्या टाकीत बसल्यासारखं?"

"अगदी तसंच!" बेटा खूश झाला.

त्याचाही एक नियम होता. वाचणारा थांबला की आपण जागा भरायची, वाचायला लागला की आपण उतरायचं. रिकामी शांतता सोडली तर लोक मोबाइल काढतात, म्हणाला. तालीम झाली ग्रंथपालबाईंच्या खोलीत, मुठीएवढ्या स्पीकरवर. आत्याच्या आवाजाखाली स्पीकरचा आवाज दबून गेला. एकाचा नियम दुसऱ्याच्या मुळावर उठणार आहे, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी पाचला. आतोबा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या रांगेत. उजवा कान व्यासपीठाकडं करून मी त्यांना बसवलं. स्पीकर मात्र या वेळी माणसाएवढे, दोन बाजूंना दोन.

पहिलं पान सुरळीत गेलं. दुसऱ्या पानावर बाई पिशवी टेबलाखाली ठेवते, तिथं आत्यानं दम घ्यायला थांबा घेतला. मिस्त्रीनं जागा भरली. घूंऽऽ. आता तुम्ही-आम्ही त्याला संगीत म्हणू. आत्याच्या कानाला ती चार नंबरवर सुरू झालेली गाडी होती. तिनं तोंड मिटलं. मिस्त्रीनं बघितलं, बाई लांब थांबल्या, जागा मोठी आहे. त्यानं मोटर घातली. आत्या थांबलेलीच. त्यानं लिफ्ट घातली. आत्यानं त्याच्याकडं बघून मान हलवली, म्हणजे बंद कर. त्यानं मान हलवली, म्हणजे वाचा. दोघांनाही वाटलं, जमलं.

शेवटी त्याची पोतडी रिती झाली आणि आवाज उतरला. आत्यानं सुरुवात केली. परिच्छेदाच्या पहिल्यापासून. त्याच्या शेवटी पुन्हा दम, पुन्हा घूं, पुन्हा तोंड बंद. एकच परिच्छेद तिनं चार वेळा वाचला. बाईनं पिशवी चार वेळा टेबलाखाली ठेवली. मी खुर्चीत तळमळत होतो. ओरडावं तर कुणाला आणि काय?

माझ्या शेजारची बाई डोळे पुसत कुजबुजली, "काय विचार केलाय बघा! ती अडकलीय, म्हणून वाचनही अडकलंय."

"अडकलीय हे खरं," मी म्हटलं.

सहाला हॉल व्यायामाच्या वर्गाला दिलेला. पावणेसहालाच बायका काखेत चटया मारून दारात उभ्या. ग्रंथपालबाईंनी घड्याळ बघितलं आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांनी वाजवल्या. काही जण तर उभे राहिले. आत्याच्या हातात अडीच पानं तशीच.

पडद्यामागं ती मिस्त्रीवर तुटून पडली. "मेल्या, बंद का केलं नाहीस?"

"तुम्ही थांबलात म्हणून मी भरलं!"

"तू भरत होतास म्हणून मी थांबले! मी घागर आहे का भरायला?"

"पण मावशी, झालं कसलं! सगळं रेकॉर्ड केलंय."

"त्यात शेवट आहे?"

मिस्त्री वायरी गुंडाळायला लागला. ग्रंथपालबाई मध्ये पडल्या, "शेवट मोकळा राहिला हेच तर सुंदर."

"मोकळा नाही हो राहिला," आत्या म्हणाली. "माझ्या हातात राहिला." आणि पानं त्यांच्या नाकासमोर फडफडवली.

आतोबा बाहेर पायरीवर बसले होते. मी विचारलं, कसं वाटलं.

"इंजिन जुनं, पण खालचा आवाज पक्का," ते म्हणाले. "गाडी मात्र काही निघाली नाही."

घरी पोचताच आत्यानं चपला काढल्या आणि आतोबांचा हात रिमोटकडं जायच्या आत तिनं रिमोट उचलून माझ्या मांडीवर टाकला.

"बसा," ती म्हणाली. "आणि इकडं तोंड करा."

"अगं, आत्ताच तर ऐकलं. कालचा गोंधळ बरा होता म्हणायची पाळी आणतेस."

तिनं त्यांच्या उजव्या बाजूला पाट ओढला आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्यापासून, अर्थात. तिसऱ्या पानावर, गाडी फलाटाला लागते तिथं, स्वयंपाकघरातला फ्रिज घुरघुरायला लागला. आत्या थांबली. आतोबा माझ्याकडं, म्हणजे रिमोटकडं बघायला लागले. आत्या उठली, आत गेली, फ्रिजचा प्लग हिसकून काढला आणि परत येऊन बसली. परिच्छेद पहिल्यापासून. या वेळी शेवटपर्यंत, कांद्यापर्यंत.

पानं खाली ठेवून ती त्यांच्याकडं बघत राहिली. आतोबांनी नखानं गुडघ्यावरची पँट खरवडली.

"तीन चाळीसची?" ते म्हणाले.

"हो."

"ती फलाट वेळेवर सोडायची. पण फाटकाबाहेर टपरीपाशी दहा मिनिटं उभी असायची. डायव्हर चहा प्यायचा. सगळ्यांना ठाऊक होतं." मग म्हणाले, "पळत गेली असतीस तर मिळाली असती तुला."

आत्याचा चेहरा मी तसा कधी बघितला नव्हता. एकोणतीस वर्षं ती त्या खोलीत बसली आणि फाटक तिला दिसत नव्हतं.

"हे आता सांगताय?"

"तू विचारलंस कधी?"

आत्या उठली. दूध नासेल, असं काहीतरी पुटपुटली आणि आत जाऊन प्लग लावला. दारात परत येऊन उभी राहिली. आतोबांनी, मी बघितलं, उजवा कान तिच्याकडं केला होता. तिनं बोलायला तोंड उघडलं, आणि मागं फ्रिज घूं करून सुरू झाला.

तिनं तोंड मिटलं आणि फ्रिज थांबायची वाट बघत चौकटीला टेकून उभी राहिली.